शेन्झेनला माल बघायला निघालेल्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीत माझं छोटं युनिट आहे. एलईडी ड्रायव्हर आणि सेन्सरच्या पट्ट्या बनवतो, आणि त्यातले बरेचसे सुटे भाग दक्षिण चीनमधून येतात. एमआयडीसीतलं कुणी तिकडं निघालं की मला फोन येतो आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं इथं एकदाची लिहून ठेवतोय. हे सगळं शेन्झेन आणि ग्वांगझूपुरतं आहे. यीवू, शांघाय, बीजिंग यांचा हिशोब वेगळा.

व्हिसा कुठला काढायचा आणि जायचं कसं?

धंद्यासाठी एम व्हिसा. त्याला तिकडच्या कंपनीचं निमंत्रणपत्र लागतं आणि सप्लायर ते आनंदानं देतो. नुसतं फिरायचं असेल तर एल. यूट्यूबवरचा गोरा माणूस ‘चीनला आता व्हिसाच लागत नाही’ म्हणतो ते त्याच्या पासपोर्टबद्दल. वाटेत थांबणाऱ्यांना विनाव्हिसा राहू देणाऱ्या २४० तासांच्या ट्रान्झिट सवलतीच्या यादीत भारत नाही.

२०२० मध्ये बंद झालेली थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरपासून परत सुरू झाली, सुरुवात कोलकाता–ग्वांगझूनं झाली. मुंबईकडच्या माणसाला मला मात्र हाँगकाँगचा रस्ता बरा वाटतो. भारतीयांना तिथं ऑनलाइन पूर्वनोंदणी केली की चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. वेस्ट कौलून स्टेशनातून हायस्पीड रेल्वेत बसलं की पाऊण तास सोडाच, पंधरा मिनिटांच्या आसपास शेन्झेनचं फुतिएन स्टेशन येतं. दोन्हीकडचं इमिग्रेशन त्याच वेस्ट कौलूनच्या इमारतीत उरकतं.

हॉटेलवाले तुमची पोलिसांकडं नोंद आपोआप करतात. ओळखीच्या कुणाच्या घरी उतरलात तर ती नोंद चोवीस तासांत तुम्ही स्वतः करायची. हे टाळू नका.

फोनवर गूगल, व्हॉट्सॲप चालतं का?

हॉटेलच्या वायफायवर नाही. आपल्या इकडच्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर बहुतेक वेळा चालतं, कारण तो डेटा आपल्या कंपनीच्या नेटवर्कमार्गे फिरून येतो. तिकडचं स्थानिक सिम घेतलं की गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळं बंद.

खरी गोची वीचॅट या चिनी चॅट ॲपची आहे. तिकडं सप्लायर, ड्रायव्हर, हॉटेल, हॉटेलातलं मेन्यूकार्ड सगळं वीचॅटवर, आणि आपल्याकडं २०२० च्या जूनपासून त्याच्यावर बंदी. त्यामुळं इथून बोलणं ईमेलवर करा. निर्यातीत मुरलेले सेल्समन व्हॉट्सॲपही ठेवून असतात, ते कसं चालवतात हे विचारायचं नाही.

रोख पैसे न्यावेत का?

थोडे ठेवा, पण काढायची वेळ क्वचित येते. रताळी भाजून विकणाऱ्या बाईच्या गाडीवरसुद्धा क्यूआर कोडचा पुठ्ठा लटकलेला असतो. आपल्याकडं यूपीआय आल्यापासून याचं अप्रूप फारसं राहिलेलं नाही. फरक एवढाच की तिकडचा कारभार दोन खासगी ॲपच्या हातात आहे, अलीपे आणि वीचॅट पे. परदेशी पाहुण्याला अलीपे सोपं पडतं. निघण्यापूर्वी बँकेला सांगून कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या आणि ते कार्ड ॲपला जोडा. परदेशी कार्डावर दोनशे युआनच्या वर तीन टक्के फी लागते, त्याच्या आत नाही.

मी शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. ठेपल्यांचे डबे, मॅगीची पाकिटं, इलेक्ट्रिक केटली असा सरंजाम घेऊन जाणारे मी पाहिलेत, आणि संध्याकाळी सप्लायर जेवायला बोलावतो तेव्हा ‘पोट बरं नाही’ म्हणून खोलीत बसणारेही. त्यानं पोट राखलं जातं, धंदा राखला जात नाही. का ते खाली सांगतो.

भाज्यांची तिथं कमतरता नाही. उलट पालेभाज्या त्यांच्याइतक्या ताज्या आणि इतक्या प्रकारच्या आपल्या मंडईतही मिळायच्या नाहीत. अडचण असते ती तेलाची आणि रश्शाची. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, वर ऑयस्टर सॉस असू शकतो. फरसबीच्या सुक्या भाजीत चिमूटभर खिमा ‘चवीपुरता’ घालतात, आणि तो मांस म्हणून मोजला जात नाही. म्हणून ‘मांस नको’ एवढं पुरत नाही. चिनी लिपीत एक मजकूर फोनवर ठेवा: मांस, मासे, कोळंबी, चरबी, हाडांचा रस्सा, ऑयस्टर सॉस यातलं काहीही नको. तो मजकूर वाढपी वाचतो, आत जाऊन आचाऱ्याला दाखवतो, आणि आचारी एकदा बाहेर येऊन तुमच्याकडं बघून जातो. मग जेवण बरोबर येतं.

सगळीकडं मिळणाऱ्या गोष्टी: टोमॅटो-अंडं (अंडं खात असाल तर), लसणात परतलेली हिरवी पालेभाजी, ठेचलेल्या काकडीची कोशिंबीर, आणि ईशान्येकडची बटाटा-वांगं-ढोबळी मिरचीची भाजी. ही शेवटची भातावर घेतली की माणूस शांत होतो.

कांदा-लसूणही नको असणाऱ्यांना गंमत म्हणजे सोपं जातं. बौद्ध शाकाहारी खानावळी शोधा. तिथं मांसाबरोबर कांदा, लसूणही वर्ज्य असतात आणि काहींच्या पाटीवर चक्क स्वस्तिक असतं. चातुर्मास पाळणारे आमचे एक काका तिथं तीनही त्रिकाळ जेवले आणि ग्वांगझूबद्दल आजही चांगलंच बोलतात.

मी सगळं खातो, फक्त गोमांस नको. मग?

मग तुमची चैन आहे. गोमांसाचं वाक्य तेवढं फोनवर ठेवा, कारण नूडल्सच्या दुकानात तेच मुख्य असतं. लानचौ नूडल्सची दुकानं ह्वे मुसलमानांची, तिथं डुक्कर अजिबात नाही आणि बीफ भरपूर.

सकाळी ग्वांगझूत ‘यम चा’ला जा, म्हणजे चहा आणि त्याबरोबर वाफवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांच्या बांबूच्या करंड्या. बसल्याबसल्या खायला लागायचं नाही. आधी मोठं भांडं येतं, त्यात गरम चहा ओतून आपले पेले, वाट्या, काड्या आपणच विसळून घ्यायच्या. म्हातारे लोक हे इतक्या सफाईनं करतात की एक थेंब बाहेर पडत नाही. कुणी तुमच्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच आपटायची, ते आभार. किटलीत पाणी हवं असेल तर झाकण तिरकं ठेवायचं, वाढपी आपणहून येतो. पारदर्शक कातडीत कोळंबी भरलेली हार गाव, आणि भाजलेल्या डुकराचं गोडसर सारण घातलेला पांढरा फुगीर पाव, या दोन करंड्या आधी मागवा.

साप, विंचू वगैरे विचारतात लोक. धंद्याच्या जेवणात मला कुणी वाढले नाहीत. कोंबडीचे पाय मात्र येतात, आणि फार चांगले लागतात.

सेच्वान जेवणात एक ओळखीची गोष्ट भेटेल. जिभेला मुंग्या आणणारी ती मिरी म्हणजे आपल्या तिरफळाची सख्खी बहीण, दोन्ही एकाच वनस्पती-कुळातल्या, एकाच प्रजातीगटातल्या. मालवणकडं बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालतात तेव्हा हात आखडता असतो. हे लोक मूठमूठ घालतात. कोकणातला माणूस ‘मापो तोफू’ पहिल्या घासाला ओळखतो आणि पुण्याचा घाबरतो, असा माझा अनुभव.

तिथं मंचुरियन आणि शेजवान राइस मिळतो का?

नाही. चिकन मंचुरियन हा मुंबईचा पदार्थ, नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलेला. त्याचा मंचुरियाशी तितकाच संबंध जितका तुमचा-माझा. शेजवान चटणीचंही तेच. ते सांगून तिकडच्या माणसाला हसवता येतं, फोटो दाखवला तर जास्तच.

सप्लायर रोज जेवायला का नेतो? आणि दारू घ्यावीच लागते का?

भाव आणि अटी ऑफिसात ठरतात, पण तुमचा माल रांगेत कितवा लागणार हे बऱ्याचदा जेवताना ठरतं. छोट्या ऑर्डरवाल्याला तर तेवढंच भांडवल असतं. तुम्ही दोन हजार नगांचे गिऱ्हाईक, शेजारी बसलेला जर्मन दोन लाखांचा. तुमचा बोर्ड मशीनवर आधी का चढवावा, याचं कारण त्याला मिळायला हवं.

माझं एक ठाम मत आहे: सप्लायरला त्याचं गाव विचारा. शेन्झेनमध्ये मूळचा शेन्झेनचा माणूस शोधून सापडत नाही. मासेमारीचं एक खेडं होतं आणि १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झाल्यावर शहर उभं राहिलं, ही गोष्ट सगळे सांगतात. खरं तर तो काही लाख वस्तीचा तालुका होता, पण पुढचं खरं आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन कोटींवर गेली आणि यातले बहुतेक बाहेरून आलेले. हूनानचे, सेच्वानचे, हूपेईचे, ईशान्येचे. प्रत्येकानं आपली खानावळ बरोबर आणली. म्हणूनच कँटोनी प्रांतातल्या या शहरात कँटोनीपेक्षा मँडरिन जास्त ऐकू येते आणि कारखान्याच्या फाटकासमोर हूनानी मिरचीचा ठसका बसतो.

‘तुमच्या गावाकडचं जेवण कुठं चांगलं मिळतं?’ एवढं विचारलं की एरवी कॅल्क्युलेटरवर बोटं आपटणारा माणूस खुलतो. हूनानचा असेल तर लाल मिरच्यांखाली झाकलेलं माशाचं डोकं येईल. छाओशानचा (ग्वांगझूच्याच प्रांताच्या पूर्व टोकाचा) असेल तर जेवणाआधी चहा. या छाओशानवाल्या व्यापाऱ्यांच्या प्रत्येक टेबलावर चहाची लाकडी ताटली असतेच. अंगठ्याएवढे पेले, उकळतं पाणी, पहिलं पाणी ओतून द्यायचं, दुसऱ्याचा चहा प्यायचा. तासभर हेच चालतं आणि मधूनमधून भाव एखाद-दोन पैशांनी उतरतो.

बसायच्या जागा ठरलेल्या असतात, दाराकडं तोंड करून यजमान. तुम्हाला दाखवतील तिथंच बसा. गोल फिरती ताटली फिरवताना समोरचा वाढून घेत नाही ना ते बघा. भातात काड्या उभ्या खुपसू नका, तिकडं तसा भात मेलेल्या माणसापुढं ठेवतात.

दारू म्हणजे बायज्यू, पन्नास टक्क्यांच्या वरची, छोट्या पेल्यातून. घेत नसाल तर पहिल्याच पेल्याला सांगा आणि चहाचा पेला उचला. डॉक्टरांनी मना केलंय हे कारण सर्वमान्य आहे. अर्ध्यात थांबणं मात्र अवघड, कारण एकाला ‘कानपेई’ म्हणत पेला रिकामा केला की बाकीचे रांगेनं उभे राहतात. पेला भिडवताना आपला काठ मोठ्या माणसाच्या पेल्याच्या काठाखाली ठेवायचा. दोघंही विनयशील निघाले तर पेले टेबलापर्यंत खाली जातात.

ह्वाच्यांगबेई म्हणजे नक्की काय? आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखं?

लॅमिंग्टन रोडचे दहा-दहा मजले करून एकाला एक लावले तर थोडी कल्पना येईल. फुतिएन भागात किलोमीटरभर लांबीचा रस्ता, दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडया. सेग प्लाझाच्या खालच्या मजल्यांवर हातभर रुंदीचे काचेचे काउंटर. एकाकडं फक्त कपॅसिटर, दुसऱ्याकडं फक्त कनेक्टर, तिसऱ्याकडं नुसते स्क्रू. काउंटरमागं मुलगी एका हातानं नूडल्स खातेय, दुसऱ्या हातानं चिमट्यानं रीळ मोजतेय, पायाशी पोरगं शाळेचा अभ्यास करतंय. आणि चिकटपट्टी ओढल्याचा कर्कश आवाज दिवसभर, कारण सगळीकडं खोकी बांधली जात असतात.

भाषेची भीती नको. तुम्ही भागाचा नंबर दाखवायचा, ती कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून तुमच्याकडं वळवते, तुम्ही खोडून तुमचा दाबता. काउंटरवर ठेवलेलं असतं ते नमुन्यापुरतं. खरा माल गोदामात, तो फोन केल्यावर ट्रॉलीवरून पोरगा आणतो. अस्सल आणि घासून पुन्हा छापलेली चिप शेजारीशेजारी मिळते. ‘ओरिजिनल की कॉपी?’ असं सरळ विचारलं तर बरेच जण सरळ सांगतात. मायक्रोकंट्रोलरसारखी महागडी गोष्ट मी मंडईतून घेत नाही, अधिकृत वितरकाकडूनच घेतो.

तिकडचं काम इतक्या झपाट्यानं कसं होतं? स्वस्त मजुरी?

मजुरी आता तितकी स्वस्त राहिलेली नाही, त्यासाठी लोक व्हिएतनामला जातात. खरं कारण जवळपणा. सर्किट बोर्ड करणारा, साचा करणारा, प्लास्टिक ओतणारा, रंग देणारा, खोकी छापणारा, हे सगळे तासाभराच्या अंतरात. बोर्डात चूक निघाली तर सकाळी फाइल बदलायची आणि दुसऱ्या दिवशी नवा बोर्ड हातात. आमच्याकडं साच्यात एक मिलिमीटरचा बदल करायचा तर राजकोटला फोन, कुरिअर, आठवडा. तिकडं साचेवाला स्कूटरवरून येतो, आपल्यासमोर मोजतो आणि संध्याकाळी बोलावतो.

मोठ्या कंपन्याही याच मातीतल्या. हुआवे १९८७ची, बीवायडी १९९५ची, टेन्सेंट १९९८ची, तिघींची मुख्यालयं शेन्झेनमध्ये. ड्रोनवाली डीजेआयसुद्धा इथलीच. २०१७ अखेर शहरातल्या सोळा हजारांवर बस विजेवर गेल्या, म्हणून रस्ता विलक्षण शांत वाटतो. ती शांतता फूटपाथवर मात्र घातक. डिलिव्हरीवाल्यांच्या ई-स्कूटर मागून येतात ते कळतच नाही.

फसवणूक होते का?

होते, पण दरोडा घातल्यासारखी नाही, हळूहळू होते. नमुना उत्तम, पहिली खेप उत्तम, तिसऱ्या खेपेत तांब्याची तार बारीक. माझ्या एका खेपेत अडॅप्टरच्या आतला फ्यूजच गायब होता. सप्लायरचं म्हणणं, तुम्ही भाव पाडलात तेव्हाच तो गेला. त्याच्या दृष्टीनं हिशोब चोख होता.

म्हणून प्रत्येक सुट्या भागाची यादी, जाडी-वजनासकट, करारात लिहा. पैसे साधारण तीस टक्के आगाऊ आणि सत्तर टक्के माल निघण्याआधी असे जातात. त्या सत्तरच्या आधी तपासणीला त्रयस्थ माणूस पाठवा. एकदा कंटेनर न्हावाशेवाच्या वाटेला लागला की तुमच्या हातात फक्त ईमेल उरतं. बँकेचे तपशील अचानक बदलल्याचा मेल आला तर फोनवर, जमलं तर व्हिडिओवर, खात्री केल्याशिवाय दमडी पाठवू नका.

आणखी एक. तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्यांना जड जातं. ‘बघतो’, ‘इंजिनिअरला विचारतो’ हे दोनदा ऐकलं की समजून घ्या.

भारतात आणताना कुठं अडकतं?

बीआयएसमध्ये, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीत. पॉवर बँक, अडॅप्टर, एलईडी दिवे या गोष्टी नोंदणीशिवाय येत नाहीत, आणि नोंदणी त्या विशिष्ट कारखान्याच्या नावावर असते. सप्लायर दाखवतो ते युरोपचं प्रमाणपत्र इथं चालत नाही. खेळण्यांनाही बीआयएस लागतं. तयार ड्रोनच्या आयातीवर २०२२ च्या फेब्रुवारीपासून बंदी आहे, हौसेनं पिशवीत घालून आणू नका.

उलट बाजूचंही लक्षात ठेवा. २०२५ च्या २८ जूनपासून चीनमधल्या देशांतर्गत विमानात त्यांचं ३सी हे सुरक्षा प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक चालत नाही. आपल्याकडून नेलेली सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

दुपारी कुणी फोनच उचलत नाही. का?

झोपलेले असतात. बारा-साडेबाराला जेवण, मग ऑफिसातले दिवे बंद, टेबलाखालून घडीच्या खाटा बाहेर, दीडपर्यंत सामसूम. एवढ्या धावत्या शहरातली ही वामकुक्षी बघून सदाशिव पेठेच्या एक ते चारवाल्या दुकानदारांबद्दलचा माझा आदर वाढला. त्यांची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणजे सकाळी साडेनऊ ते अकरा फोन करू नका.

कधी जाऊ नये?

चिनी नववर्षाच्या आगेमागे. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. कामगार गावी जातात, कारखाने दोन-चार आठवडे थंड, आणि परतल्यावर निम्मी लाइन नवी माणसं चालवतात. त्या पहिल्या खेपेवर बारीक नजर ठेवा. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही सुट्टीचा. जायचंच तर ग्वांगझूच्या कँटन फेअर या मोठ्या व्यापारी जत्रेला जोडून जा. ती १९५७ पासून भरतेय, वसंतात आणि शरदात.

भारतीय म्हणून वागणूक कशी मिळते?

धंद्यात चांगली. ‘भाव फार पाडतात’ ही आपली ख्याती आधीच पोचलेली असते. टॅक्सीवाल्याला आमिर खान ठाऊक असतो. गलवानचा विषय मी काढत नाही, तेही काढत नाहीत.

उत्तरेकडच्या एखाद्या वयस्क माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस माहीत असतात. १९३८ मध्ये जपानविरुद्धच्या युद्धात वैद्यकीय पथकाबरोबर गेले, १९४२ मध्ये तिथंच वारले. शिज्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांचं स्मारक आहे. आमच्या पॅकिंगवाल्याचे वडील हपेई प्रांतातले. मी कोटणिसांच्याच राज्यातला हे कळल्यावर त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या काड्यांनी वाढलं. शेन्झेनची तरुण पोरं मात्र हे नाव ऐकून मान हलवतात आणि फोनमध्ये शोधतात.

म्हणजे तिकडचं सगळं चांगलंच का?

छे. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, ही पद्धत २०२१ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा ठरवली, तरी रात्री दहाला ऑफिसांचे दिवे मोजून बघा. पस्तिशी ओलांडलेल्या इंजिनिअरला नोकरीची धास्ती असते. हे जेवणात तिसऱ्या पेल्यानंतर ऐकायला मिळतं, ऑफिसात नाही. २०१० मध्ये इथल्याच फॉक्सकॉनच्या कारखान्यात कामगारांच्या आत्महत्यांची मालिका झाली होती. कॅमेरे सगळीकडं आहेत. रात्री बारालाही एकट्या बाईला रस्त्यावरून निर्धास्त जाता येतं हेही खरं, आणि राजकारणावर कुणी बोलत नाही हेही.

भेट म्हणून काय न्यावं?

ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ त्यांचं कस्टम आत येऊ देत नाही, म्हणजे हापूस आणि पेढे बाद. घड्याळ कधीच देऊ नका, अशुभ मानतात. दार्जिलिंग चहा चालतो, पण चहाच्या गावात चहा नेण्याचा प्रकार आहे तो. सीलबंद बाकरवडी उत्तम. त्यांच्या चहाबरोबर जाते, आणि तिखट-गोड एकत्र असल्यामुळं हूनानवाल्यालाही चालते, कँटनवाल्यालाही. भेट दोन्ही हातांनी द्या. समोर लगेच उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, तशी रीत आहे. मालकासाठी एक पाकीट नेणार असाल तर लाइन सुपरवायझरसाठी दुसरं घ्या, कारण तुमचा बोर्ड मशीनवर चढवणारा तो आहे.